डब्यावरचे वॉट नाही, १२ व्होल्टचे अँपिअर बघा! कूलर मास्टर ५५० एसएमपीएस आणि वाशीच्या दुकानाचा माझा अनुभव

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो डबा जो भिंतीतली वीज पीसीच्या भागांना लागते तशी करून देतो. माझा तो बदलावा लागला, त्याची ही गोष्ट. आधी पीसी काय आहे ते सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, एक एसएसडी आणि दोन मोठ्या हार्डडिस्क, २०२० च्या जानेवारीत असेंबल करून घेतलेला. मी ऐरोलीत घरूनच लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, शूट दुसरे लोक करतात, कार्ड माझ्याकडे येतात आणि साखरपुड्यापासून पाठवणीपर्यंत सगळं जुळवून फायनल फाईल मी देते. पीसी बंद म्हणजे माझं काम बंद, इतकं सरळ आहे.

या सीझनपासून बहुतेक सगळे फोरके शूट करून देतायत आणि मी पण दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरवर आले. तिथून त्रास सुरू झाला. एडिट करताना काही नाही, गाणी ऐका, ब्राउझर उघडा, दिवसभर चालू ठेवा, काही नाही. एक्स्पोर्ट लावला, म्हणजे फायनल फाईल बनवायला लावली, की कधी दहा मिनिटांनी कधी चाळीस मिनिटांनी खटकन बंद. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, हँग नाही, जशी घरातली लाईट जाते तसा. कधी आपोआप परत चालू व्हायचा आणि कधी पुढचं बटण दाबून पण काहीच नाही, मागचा काळा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबून परत लावला की मगच उठायचा. हे दोन प्रकार मी वहीत तारखेसकट लिहून ठेवले होते आणि त्याचा पुढे खूप उपयोग झाला, तुमचा पीसी पण असा बंद पडत असेल तर हे नक्की करा, कधी पडला, तेव्हा काय चालू होतं, आपोआप उठला की नाही, एवढं लिहिलं तरी पुरे.

घराजवळच्या एका रिपेअरवाल्याला बोलावलं. त्याने रॅम काढून खोडरबरने पिना घासल्या, धूळ उडवली, थर्मल पेस्ट बदलली. दोन दिवसांनी परत तेच. मग विंडोज नव्याने टाकलं, माझे सगळे प्लगइन आणि फॉन्ट परत टाकण्यात एक अख्खा दिवस गेला. परत तेच. तिसऱ्या वेळी मी स्वतःच विचारलं की एसएमपीएस तर नसेल? तर त्याने २४ पिनचा कनेक्टर काढला, हिरवी वायर आणि काळी वायर पेपर क्लिपने जोडली, पंखा फिरला, आणि म्हणाला "मॅडम, एसएमपीएस एकदम ओके आहे, मदरबोर्ड गेलाय." बोर्डाचे साडेसहा हजार सांगितले आणि वर म्हणाला की जुना झालाय, प्रोसेसरसकट नवीनच करून टाका.

या पेपर क्लिपच्या टेस्टबद्दल मला सगळ्यांना कळकळीने सांगायचंय. हिरवी वायर म्हणजे एसएमपीएसला "चालू हो" सांगणारी वायर, ती काळ्याला टेकवली की तो चालू होतो, बस. पंखा फिरला म्हणजे तो चालू होतो एवढंच कळलं. त्याच्यावर तेव्हा लोड काहीच नसतो. रिकामी हातगाडी ढकलून बघायची आणि म्हणायचं की हिच्यावर वीस पोती जातील, तसं आहे हे. माझा पीसी रिकामा असताना कधीच बंद पडत नव्हता, लोडवरच पडत होता, मग बिनलोडची टेस्ट करून काय उपयोग? या एका चुकीच्या निदानावर मी बोर्ड, प्रोसेसर, रॅम मिळून पंचवीस हजारांचा खर्च करायला निघाले होते, आणि तो सगळा नवीन माल परत त्याच सडक्या एसएमपीएसवर लागला असता.

माझ्या दिराने फोनवर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची स्वतःची नोंदवही) उघडायला सांगितलं. तिथे प्रत्येक क्रॅशच्या वेळेला कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद होती आणि आत बगचेक कोड ०. विंडोजला काही बिघडलेलं कळलं असतं तर तिथे काहीतरी आकडा आला असता, शून्य म्हणजे त्याला कळायच्या आधीच वीज गेली. हा पुरावा एकट्या एसएमपीएसकडेच बोट दाखवतो असं नाही, बोर्ड किंवा घरची वायरिंग पण असू शकते, पण विंडोज परत टाकण्यात अर्थ नव्हता हे मात्र त्यातून स्पष्ट होतं. त्यानेच सांगितलं की वाशीला सेक्टर १७ मध्ये एक काका बसतात, पीसी घेऊन जा, ते लावून दाखवतात.

मग एका दुपारी कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळलं आणि ऐरोलीहून वाशी लोकल पकडली. दुपारची वेळ, लेडीज डब्यात जागा होती, मांडीवर कॅबिनेट घेऊन बसले, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत वीसेक मिनिटांत वाशी. सकाळी संध्याकाळी या गाडीत असलं काही घेऊन चढायचा विचार पण करू नका.

दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, पण मागच्या भिंतीला एक लांब टेबल आहे आणि त्यावर मॉनिटर, कीबोर्ड आणि उघडा एसएमपीएस कायम लावून ठेवलेला. काकांनी आधी काही विकलं नाही. साईडचं पॅनल उघडलं, माझी वही वाचली, आणि एसएमपीएसवरचा कागद टॉर्च मारून मला वाचायला लावला. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १७ अँपिअर. "ताई, गुणाकार करा." बारा सत्ते चौऱ्याऐंशी करत २०४ आलं. म्हणजे ४५० वॉटच्या डब्यात माझ्या कामाचे वॉट फक्त २०४, बाकीचे ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यात भरलेले, जे आजच्या पीसीत फारसे कोणी वापरतच नाही, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. आता माझा खर्च बघा, १६६० सुपर १२५ वॉटचं कार्ड, ३६०० वर ६५ वॉट लिहिलेलं असलं तरी तो पूर्ण जोरात ८८ वॉटपर्यंत जातो, इथेच २१३ झाले, वर दोन हार्डडिस्क, पंखे, बोर्ड. मग इतकी वर्षं चालला कसा? कारण जुन्या कामात प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम पूर्ण ताकदीने कधी चालतच नव्हते. फोरके आणि रिझॉल्व्ह आल्यावर दोन्ही एकत्र पळायला लागले.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली ती बघून मला खरंच धडकी भरली. ग्राफिक्स कार्डला ८ पिनची पॉवर केबल लागते, ती या एसएमपीएसला नव्हतीच, असेंबल करणाऱ्याने मोलेक्सच्या (चार पिनचा जुन्या पद्धतीचा कनेक्टर) दोन शेपट्या जोडणारा एक अडॅप्टर लावून दिला होता. त्यातल्या एका पांढऱ्या कनेक्टरची कड पिवळट तपकिरी झाली होती आणि पिवळी वायर तिथे कडक झालेली, वाकवली तर पापडासारखी तडकेल अशी. चार वर्षांहून जास्त ते माझ्या टेबलाखाली रात्र रात्र एक्स्पोर्टला लावून मी झोपत होते.

मग टेस्ट. मोकळ्या मोलेक्समध्ये मल्टीमीटरच्या पिना खुपसल्या, पिवळी आणि काळी. पीसी नुसता चालू असताना ११.९४ व्होल्ट. प्राईम९५ लावून फक्त प्रोसेसर पळवला, ११.७ च्या आसपास. मग त्याच्यावर फरमार्क लावून ग्राफिक्स कार्ड पण पळवलं, तर आकडा ११.३, ११.२ असा डोळ्यादेखत खाली यायला लागला आणि तीन मिनिटांत खटकन अंधार. नियमाप्रमाणे १२ व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जायलाच नको. माझ्या घरी जे चाळीस मिनिटांनी होत होतं ते काकांनी तीन मिनिटांत करून दाखवलं. नंतर त्यांच्या टेबलावरचा एसएमपीएस त्याच पीसीला लावला, तोच लोड, वीस मिनिटं, काटा बाराच्या खाली सुद्धा आला नाही आणि पीसी चालूच. बोर्ड ठीक, प्रोसेसर ठीक, कार्ड ठीक. निदान म्हणतात ते याला.

ते दोन प्रकारे बंद पडणं पण त्यांनी समजावलं. एसएमपीएस बोर्डला सतत एक "पॉवर गुड" सिग्नल देत असतो, व्होल्टेज हाताबाहेर गेलं की तो सिग्नल पडतो आणि बोर्ड त्याच क्षणी रीसेट होतो, तो माझा आपोआप चालू होणारा प्रकार. आणि आतलं संरक्षण लागलं की एसएमपीएस स्वतःला कुलूप लावून घेतो, मग मागचा स्विच बंद करून परत लावल्याशिवाय सुटत नाही, तो दुसरा प्रकार. माझ्या वहीतल्या पानाचं काकांनी कौतुक केलं आणि मला ते फार बरं वाटलं.

आता खरेदी. मी घाबरून म्हणाले की ७५० वॉटचा गोल्ड द्या, एकदाचं टेन्शन नको. ते म्हणाले गरज नाही, तुमचा सगळा पीसी मिळून तीनशेच्या आत आहे, चांगला ५५० घ्या, उद्या आरटीएक्स ४०६० घातलंत तरी चालेल (ते कार्ड ११५ वॉटचंच आहे आणि त्याला कंपनीच ५५० चा एसएमपीएस सांगते), ४०७० घ्यायचं असेल तर आत्ताच ६५० घ्या. दुप्पट किमतीची वस्तू विकायची सोडून हे सांगणारा दुकानदार मला तरी कमी भेटलाय. समोर तीन डबे ठेवले, कूलर मास्टर एमडब्ल्यूई ५५० ब्रॉन्झ व्ही२, कोर्सेअर सीएक्स५५० आणि डीपकूल पीके५५०डी. तिन्ही ब्रॉन्झ (हा आणि गोल्ड हे ८० प्लसचे दर्जे, त्याबद्दल खाली लिहिलंय), तिन्हीच्या केबल कायमच्या जोडलेल्या. दिराने आधी जे सांगितलं होतं त्यावरून मी चार गोष्टी बघितल्या, एकट्या १२ व्होल्टवर किती, वॉरंटी किती वर्षं, ग्राफिक्स कार्डची ६+२ पिनची स्वतःची केबल आहे का, आणि माझ्या कॅबिनेटात बसतो का. तिन्ही बसत होते, कूलर मास्टरचा त्या दिवशी हातात होता आणि भावात बरा पडत होता म्हणून तो घेतला. पाच वर्षांची वॉरंटी, पक्कं बिल, जीएसटी धरून ४,३५०. बसवण्याचे दोनशे. टेस्टिंगचे तीनशे घेतात पण माल तिथेच घेतला तर घेत नाहीत.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात दोनतीनशे कमी पडले असते हे मला माहितीय, पण ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड, अर्धा दिवस जातो आणि तिथल्या गर्दीत माझा पीसी कोण लावून बघणार. ऑनलाइन पण दीडशे कमी होता. ज्याला नक्की माहितीय की काय हवंय त्याने खुशाल मागवावा, मला आधी निदान हवं होतं.

८० प्लस ब्रॉन्झबद्दल थोडं, कारण बरेच जण याच्यावरून फसतात. ते फक्त एवढंच सांगतं की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पीसीला मिळते आणि किती उष्णतेत जाते. व्होल्टेज किती स्थिर, संरक्षण किती, आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) कसले, याचं ते सर्टिफिकेट नाही. ब्रॉन्झचा शिक्का असलेले सगळे सारखे असं समजू नका, आणि गोल्ड घेतला म्हणजे क्रॅश जास्त थांबतील असंही नाही. विजेचं बिल म्हणाल तर मी हिशोब केला, २५० वॉटचा लोड, जुना ७० टक्क्यांचा धरला तर भिंतीतून ३५७ घेणार, नवीन ८६ धरला तर २९१, रोज सहा तास चालवला तरी अर्ध्या युनिटच्या आत बचत. बरं आहे, पण एवढ्यासाठी कोणी एसएमपीएस बदलू नये. कमी उष्णता हा मात्र खरा फायदा, कारण आतले कपॅसिटर उष्णतेनेच वाळतात, दहा डिग्री कमी झाली की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं असं धरतात. एप्रिल मे मध्ये दुपारी पंख्याखाली काम करणाऱ्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

वापरून आता पाच आठवडे झाले. पहिल्याच रात्री कोपरीच्या एका लग्नाचा दोन तासांचा फोरके एक्स्पोर्ट लावला, मुलीचे वडील रोज फोन करत होते, "मॅडम, जावयांना पेनड्राईव्ह द्यायचाय." मी झोपलेच नाही, समोर बसून टक्के बघत होते. ९७, ९८, ९९, आणि झाला. त्या रात्री मला रडूच आलं. तेव्हापासून एकदाही बंद पडला नाही, इव्हेंट व्ह्यूअर दर रविवारी बघते, ४१ ची एकही नवीन नोंद नाही. पंख्याचा आवाज एक्स्पोर्ट चालू असताना पण कॅबिनेटच्या पंख्यात मिसळून जातो, वेगळा ऐकू येत नाही. केबल काळ्या, चपट्या, लांबीला पुरेशा. कायमच्या जोडलेल्या असल्यामुळे न लागणाऱ्या केबलचा जुडगा खालच्या बाजूला बांधून ठेवावा लागला, माझं कॅबिनेट जुनं आणि अरुंद आहे, तिथे काकांना जरा झटापट करावी लागली. मॉड्युलर (ज्याच्या केबल काढता-लावता येतात असा) घेतलात तर हे सोपं जातं, पण मग एक लक्षात ठेवा, जुन्या मॉड्युलरच्या केबल नव्याला कधीही लावू नका, पीसीकडचं टोक सारखं दिसतं पण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो, हार्डडिस्क जळतात. माझ्या हार्डडिस्कवर लोकांच्या आयुष्यातले एकदाच होणारे दिवस आहेत, म्हणून हे जास्त जोरात सांगतेय.

घरी आल्यावर दोन गोष्टी तपासल्या, त्या पण लिहिते. एक, यूपीएस. नवीन एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतं आणि काही स्वस्त यूपीएस लाईट गेल्यावर जी ओबडधोबड वीज देतात ती काही एसएमपीएसना मानवत नाही, लाईट गेली की यूपीएस असूनही पीसी बंद. माझा ६०० व्हीएचा आहे. काही महत्त्वाचं चालू नसताना भिंतीतली पिन काढून बघितली, पीसी चालू राहिला. पावसाळ्याच्या आधी हे करून बघा, ऐरोलीत पहिल्या वादळाला काय होतं ते सगळ्यांना माहितीय. दुसरं म्हणजे अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की पूर्वी हलक्या झिणझिण्या यायच्या, मला वाटायचं जुना एसएमपीएस लीक करतोय, पण नव्यावर पण आल्या. तेव्हा कळलं की टेबलामागच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं, आधीच्या भाडेकरूने दोन वायरींवरच बोर्ड ओढलेला. एसएमपीएसच्या फिल्टरची थोडी गळती वीज अर्थिंगमधून जायची असते, ती वाट नसेल तर ती कॅबिनेटवर येऊन बसते. इलेक्ट्रिशियन बोलावून वायर ओढून घेतली, झिणझिण्या बंद.

आणि कृपा करून कोणीही एसएमपीएस उघडून धूळ काढायला जाऊ नका. पिन काढल्यावर पण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर साठलेलं राहू शकतं. बाहेरून जाळीवरून ब्रश फिरवा, पुरे. सेकंडहँड पण नको, कॅबिनेटसोबत फुकट मिळतो तो पण नको, आणि दीड हजारात ७५० वॉट लिहिलेला रंगीत लाईटवाला तर नकोच, असा एक डबा काकांकडे नमुना म्हणून आहे, मागा, दाखवतात, १२ व्होल्टचा रकाना वाचायला लावतात.

जुना एसएमपीएस मी काकांकडेच ठेवला, त्यांच्याकडे ई-कचरावाला येतो. तो मोलेक्सचा जळका अडॅप्टर मात्र घरी आणलाय, शूटवाली मुलं कार्ड द्यायला येतात त्यांना दाखवते, त्यातल्या दोघांनी घरी जाऊन आपापले कॅबिनेट उघडले आणि एकाकडे अगदी तसाच निघाला, तो शनिवारी माझ्यासोबत वाशीला येतोय. मला तसंही जायचंय, यूपीएसची बॅटरी आता पाचच मिनिटं टिकते, फक्त बॅटरी बदलायची की १००० व्हीए घ्यायचा ते काकांना विचारून ठरवते.